बॅट पुढच्या मॉड्यूलमध्ये आहे

आमच्या ऑफिसातली हार्ड डिस्क सदा भरलेली असते, म्हणून किस्से माझ्या डोक्यात साठतात. लग्नाकार्यात भेटलं की कोणीतरी विचारतंच, "भाऊ, पोट्टीले ॲनिमेशनचा ऑनलाइन कोर्स लावून देऊ का? महाग आहे, पण व्हिडिओ मस्त दिसून राहिले." मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. एक किस्सा सांगतो. त्यावरून दुसरा आठवतो. पंगत उठते, पण माझं संपत नाही. बायको लांबूनच डोळे वटारते.

तर आमचा स्टुडिओ रायपूरला, पंडरीत, साड्यांच्या होलसेल दुकानाच्या वर. बोर्डावर 'स्टुडिओ' लिहिलं आहे म्हणून स्टुडिओ म्हणायचं. सहा मशीन आणि एक एसी. एसीखालची केबिन मालकांची, म्हणजे वानखेडे सरांची. सरकारी जनजागृतीच्या फिल्म, मुलांची बडबडगीतं, बिल्डरांचे न बांधलेले फ्लॅट, जे येईल ते आम्ही हलवून दाखवतो. मी इथे चौदा वर्षं ॲनिमेटर आहे. वडील भंडाऱ्याहून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आले. त्यांना शेवटपर्यंत वाटायचं, की पोरगा कुठल्यातरी टॉकीजमध्ये कामाला आहे.

*

वानखेडे सरांना कोर्स विकत घ्यायचा भारी नाद. बघायचा नाद नाही, फक्त घ्यायचा. जाहिरातीत ते उलटं पळणारं घड्याळ दिसलं, "ऑफर संपायला फक्त अकरा मिनिटं", की सर कार्ड शोधायला लागतात. घेतल्यावर पहिला व्हिडिओ बघतात. त्यात गुरुजी म्हणतात, "अभिनंदन, तुम्ही योग्य निर्णय घेतलात." सरांना तेवढंच ऐकायचं असतं.

दसऱ्याला आम्ही मशीनची पूजा करतो. तेव्हा वानखेडे वहिनी प्रसाद घेऊन आल्या होत्या. सर त्यांना कौतुकाने स्क्रीन दाखवत होते, "हा पाहा, लाइफटाइम ॲक्सेस आहे!"

वहिनी म्हणाल्या, "लाइफटाइम म्हणजे कोणाचा हो? तुम्हाले तर आत्ताच अठ्ठावन्न लागलं."

सरांनी स्क्रीन बंद केली. पण वहिनींचा हिशेब चुकला. ती कोर्सची कंपनी पुढच्या दसऱ्याच्या आत बंद पडली. सर अजून ठणठणीत आहेत!

*

प्रशांत आमचा सगळ्यात शिकलेला ॲनिमेटर. मराठी घरातला, मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतच देतो. त्याने अकरा कोर्स केलेत आणि त्यातल्या आठांची सर्टिफिकेटं मशीनच्या मागच्या भिंतीवर फ्रेम करून लावलीत.

आता गंमत अशी, की ॲनिमेशनचा कोणताही कोर्स चेंडूपासून सुरू होतो. चेंडू टप्पे खातो, दबतो, ताणतो, थांबतो. म्हणजे प्रशांतने अकरा वेळा चेंडू उडवलाय. त्याच्यासारखा चेंडू अख्ख्या छत्तीसगडात कोणी उडवत नसेल, हे मी मनापासून सांगतो.

एकदा एका शाळेचं काम आलं. पोरं क्रिकेट खेळताहेत, एवढाच सीन. आठवड्याने सरांनी विचारलं, "प्रशांत, किती झालं?"

"सर, बॉल हो गया."

"आणि बॅट?"

"बैट अगले मॉड्यूल में है."

*

एका वर्षी आम्ही नवीन माणूस घ्यायचं ठरवलं. चार जण इंटरव्ह्यूला आले. पहिल्याने आपली शोरील लावली, म्हणजे स्वतःच्या कामाचा नमुना. एक निळा रोबो येतो, जड खोका उचलतो, दमतो, घाम पुसतो. सर खूश!

दुसऱ्याने लावली. निळा रोबो येतो, जड खोका उचलतो, दमतो, घाम पुसतो. तिसऱ्याचाही तोच रोबो, तोच खोका, आणि घामसुद्धा त्याच बाजूने पुसलेला. चौघांनी एकच कोर्स केला होता. खोका सगळ्यांना कोर्सबरोबर फुकट मिळाला होता.

चौथ्याने मात्र रोबो लाल केला होता.

सर माझ्या कानात म्हणाले, "याले घे. याच्यात ओरिजिनॅलिटी आहे!"

लाल रोबोवाला तीन महिने टिकला आणि एक दिवस सांगून-सवरून पुण्याला निघून गेला. त्याचं सहा नंबरचं मशीन रिकामं झालं. पुढच्या गोष्टीसाठी हे लक्षात असू द्या.

*

मी दुसऱ्यांना हसतो म्हणजे मी शहाणा, असं समजू नका. मीही एक कोर्स घेतला होता, बायकोला न सांगता. व्हिडिओ लांबलचक होते, म्हणून मी दुप्पट स्पीडने बघायचो. दोन महिने गुरुजी माझ्यासमोर मशीनगन चालवावी तसे बोलत होते.

शेवटी एक लाइव्ह क्लास होता. गुरुजी पहिल्यांदाच खऱ्या स्पीडने माझ्यासमोर आले. एकेक शब्द सावकाश. मला वाटलं, माणूस आजारी पडला. मी सगळ्यांदेखत चॅटमध्ये लिहिलं, "सर, तब्येत बरी आहे ना? आराम करा."

खोटं कशाला बोलू, त्या कोर्समधून मी एक गोष्ट खरंच शिकलो. माणूस मान वळवतो तेव्हा ती मध्ये किंचित खाली झुकते. तेवढ्याने माझी पात्रं जिवंत वाटायला लागली. पण हे मला कोणी चहा पिता-पिता सांगितलं असतं, तरी चाललं असतं.

*

आता शुभांगीबद्दल सांगतो. ती आमचं काउंटर सांभाळते. फोन, बिलं, कुरिअर, सरांचा चष्मा शोधणं, सगळं तिच्याकडे. लाल रोबोवाला गेल्यापासून ती रोज लंच टाइमात डबा पटकन संपवून सहा नंबरच्या मशीनवर बसायची. यूट्यूबवरचे फुकटचे व्हिडिओ बघायची आणि स्वतःचं काहीबाही हलवून पाहायची. दोन वर्षं. मी तिचं काम बघितलं होतं. चांगलं होतं. तिला फक्त ती खुर्ची हवी होती, लंच टाइमापुरती नको, दिवसभरासाठी.

तिने सरांना विचारलं. सर म्हणाले, "मॅडम, आधी चांगल्या कोर्सचं सर्टिफिकेट आणा. फुकटचं शिकलेलं डोक्यात राहत नाही."

मी तिथेच उभा होतो.  मी स्वतः कोणत्या सर्टिफिकेटवर इथे लागलो, याची सरांना आठवण करून द्यायला हवी होती. ती दिली नाही, याची मला अजून लाज वाटते.

शुभांगीने मग एका मोठ्या कोर्सवाल्यांना फोन लावला. स्पीकरवर होता, म्हणून आम्हीही ऐकला. आधी तिथला माणूस म्हणाला, "दीदी, एक बार हज़बैंड से बात करा दीजिए, डिसीजन तो वही लेंगे ना."

शुभांगी म्हणाली, "डिसीजन मैं ही लेती हूँ. आप अपनी वाइफ से पूछकर डिस्काउंट बताइए."

तो गडबडला. फी सांगितली. तिचा कित्येक महिन्यांचा पगार! तिने विचारलं, "इसके बाद नौकरी मिलेगी?"

"सौ टका दीदी! रायपुर में तो हमारा पार्टनर स्टुडिओ है, सीधा प्लेसमेंट!" आणि त्याने स्टुडिओचं नाव सांगितलं. नाव आमचंच होतं. सरांनी कधीतरी डिस्काउंटच्या बदल्यात ते देऊन टाकलं होतं.

शुभांगीने फोनवर हात ठेवला आणि एसीच्या दिशेने ओरडून विचारलं, "सर, आपल्याकडे जागा आहे का?"

आतून आवाज आला, "नाही म्हणून सांग!"

*

मग गायीचं काम आलं. जनावरं रस्त्यावर मोकळी सोडू नका, अशी एका सरकारी खात्याची छोटी फिल्म. त्यात मुख्य शॉट एकच. रस्त्यात बसलेली गाय उठते आणि घरी जाते. प्रशांतने नुकताच चार पायांच्या प्राण्यांचा कोर्स केला होता, अकरातला सगळ्यात महाग. काम अर्थातच त्याला.

त्याची गाय देखणी होती. तिने आधी पुढचे दोन पाय टेकले, छाती वर उचलली, मग मागून उसळी मारून उभी राहिली. मान अशी झटकली, की आम्ही टाळ्या वाजवल्या.

खात्याचे साहेब बघायला आले. मूळचे छत्तीसगढी बोलणाऱ्या गावाकडचे. त्यांनी शॉट दोनदा पाहिला आणि म्हणाले, "ए गाय नोहे जी, घोड़ा आय!"

झालं! परवापर्यंत दुरुस्ती द्यायची. प्रशांतने पुन्हा पूर्ण कोर्स पाहिला. घोडा होता, कुत्रा होता, चित्तासुद्धा होता. गाय नव्हती.

शुभांगी बिलावर सही घ्यायला आली होती. ती म्हणाली, "प्रशांत भैया, गाय आधी मागून उठते."

"किस कोर्स में है?"

तिने खिडकीकडे बोट दाखवलं. खाली दुकानासमोर, रस्त्याच्या मधोमध, एक गाय बसली होती. ती रोजच तिथे बसते. तिच्यामुळे रोज ट्रॅफिक तुंबतो. आम्ही खिडक्या बंद करून, हेडफोन लावून, परदेशातला घोडा बघत होतो.

आम्ही तिघं खिडकीला लागलो. गाय उठेना. ऑटोवाल्यांनी हॉर्न वाजवले, एकाने शिव्या दिल्या, ती रवंथ करत राहिली. सर बाहेर आले. "काय करून राहिले रे तुम्ही?"

"रेफरन्स पाहून राहिलो, सर," मी म्हणालो.

सरही उभे राहिले. शेवटी एक भाजीची गाडी समोरून गेली. गायीने पुढचे गुडघे टेकलेलेच ठेवले, मागचा भाग वर उचलला, क्षणभर नमस्कार केल्यासारखी थांबली, मग पुढचा एक पाय, मग दुसरा. आणि गेली कोबीच्या मागे!

 प्रशांतने शुभांगीला विचारलं, "तुम्हें कैसे पता?"

"काहून? तुम्ही ऑफिसात येता तेव्हा डोळे घरी ठेवून येता का?"

शॉट शुभांगीने केला. दोन लंच टाइमात आणि एका संध्याकाळी. साहेबांनी पाहिला आणि मांडीवर थाप मारली, "हव, अब उठिस गाय!" काम पास झालं. सर सगळ्यांना फोनवर सांगत सुटले, "आमच्या टीमने केली!"

शुभांगी केबिनमध्ये गेली. दोन मिनिटांत बाहेर आली. मी विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणाले, छान झालं. सर्टिफिकेट कधी आणता?"

*

आता शेवटचा. इतके कोर्स विकत घेतल्यावर सरांना एक दिवस उमगलं, की यात कमाई घेणाऱ्याची नसून विकणाऱ्याची आहे. त्यांनी आमच्याच स्टुडिओचा व्हिडिओ कोर्स काढला. शिकवायला प्रशांत. पहिला धडा, चेंडू!

फी दणदणीत ठेवली. पहिली बॅच संपली, शुभांगीने सर्टिफिकेटांवर नावं टाकून प्रिंट काढल्या आणि गठ्ठा सरांसमोर ठेवला. सर फोनवर बोलत-बोलत सह्या करत गेले. पुढच्या बॅचसाठी त्याच सकाळी छापखान्यातून ॲडमिशन फॉर्म आले होते. तो गठ्ठा शुभांगीच्या टेबलावर पडला होता, सुतळीसुद्धा सोडली नव्हती.

दुपारी शहरातल्याच गुढियारीहून एक काका चौकशीला आले. रेल्वेत होते, रिटायरमेंट जवळ आलेली. मुलीला कोर्स लावायचा होता. मी काहीतरी दाखवायला केबिनच्या दारात उभा होतो.

काका म्हणाले, "फी लय आहे सर. पीएफमधून काढा लागन. पण पोट्टीचं काम होईन ना?"

सर मागे रेलले. "काका, आमचं सर्टिफिकेट समोर ठेवलं, की समोरचा खुर्ची देतो. एक प्रश्न विचारत नाही!"

तेवढ्यात शुभांगी आत आली. तिने एक सर्टिफिकेट सरांसमोर ठेवलं. "सर, तुम्ही आणा म्हटलं होतं. आणलं."

सरांनी वाचलं. तिचं पूर्ण नाव. श्रेणी अ. खाली सही.

काकांनी वाकून पाहिलं. "इथलंच आहे का हे?"

"हव," शुभांगी म्हणाली. "सही सरांचीच आहे."

"मंग?" काकांनी सरांकडे पाहिलं.

सर पाणी प्यायले. ग्लास ठेवला. पुन्हा उचलला, तो रिकामा होता.

"उद्यापासून सहा नंबरच्या मशीनवर बसा, मॅडम. दिवसभर."

मी दारात उभा राहून काय खूश झालो, सांगता येत नाही. पण माझ्याहून जास्त काका खूश झाले. त्यांनी टेबलावर थाप मारली. "याले म्हणते कोर्स! कागद ठेवला अन् खुर्ची भेटली! माह्या डोळ्यांनी पाहिलं! सर, फॉर्म द्या. पीएफचा अर्ज मी आजच टाकतो."

सरांचा चेहरा पुन्हा उजळला. "मॅडम, काकांना फॉर्म द्या."

शुभांगीने सरांकडे पाहिलं. मग काकांकडे पाहिलं.

"काका," ती म्हणाली, "फॉर्म संपले."