डब्यातला शिंपला

सुकाणीचाचाबरोबर कुठे जायचं म्हणजे वैताग. चार पावलं चालला की थांबायचा आणि मागे वळून बघायचा. मागे कोणी असो, नसो. वरातीत तो सगळ्यात मागे, मय्यतीला सगळ्यात मागे, आणि बाजारातून आम्ही दोघंच मच्छी घेऊन येत असलो तरी माझ्या मागे. मला आपलं वाटायचं, माझा लेंगा फाटलाय. एकदा खरंच फाटलेला होता. अख्खी मांडवी हसली, पण मागून चालणाऱ्या ह्या माणसाने एका शब्दाने सांगितलं नाही. विचारलं तर म्हणतो, "लेंग्याकडे कोण बघतंय, तुक्या? माणूस येतोय का नाय, तेवढं बघायचं."

जन्मभर मालवाहू जहाजावर सुकाण धरून उभा राहिलेला माणूस, म्हणून सुकाणी. खरं नाव रेशनकार्डावर असेल. दर्या सोडून घरी आला तो ऐंशी सालाच्या जरा पुढे, आणि येऊन बसला तो माझ्या सोडाबाटलीच्या टपरीवरच्या बाकड्यावर. एक लिंबूसोडा घ्यायचा आणि दुपार काढायचा. मी त्याला कधी उठवला नाही, कारण दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. माझं शिक्षण दुसरीपर्यंत. पण दुसरीत मी तीन वर्षं काढली, त्यामुळे दुसरी एकदम पक्की. चाचाला ऐकणारा माणूस पाहिजे होता आणि मला ऐकण्याशिवाय काही येत नव्हतं.

त्याने कुठल्याशा बंदरात एक शर्यत बघितलेली. डांबरी रस्त्यावरची नाही, मैदानावरची नाही. डोंगरातून, दगडधोंड्यातून, गुरांच्या वाटेने धावायची. पहिला आला त्याचं त्याला काही आठवत नव्हतं. "पण शेवटी एक म्हातारा आला रे, लंगडत. आणि अख्खा गाव त्याच्यासाठी थांबलेला. जेवण झाकून!" हे सांगताना त्याचे डोळे असे व्हायचे की मी सोड्याची गोटी दाबायला विसरायचो. तशी शर्यत त्याला आपल्या सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर, पाहिजे होती. भाट्याच्या समुद्रकाठच्या वाळूतून निघायचं, घाटी चढायची, सड्यावरून आंब्याच्या बागांतून वळसा घालून परत वाळूत. अट एकच. गेले तेवढे परत आले पाहिजेत. "जहाजावर माणसं मोजून घेतात," म्हणायचा. "एकदा मोजायला चुकले होते." पुढे विचारलं की सोड्याची बाटली तोंडाला लावायचा.

मी म्हटलं, त्यात काय, शिट्टी मारायची आणि पोरं सोडायची. चाचाने माझ्याकडे असं बघितलं, जसं दुसरीत मास्तर बघायचे.

आधी दिवस ठरेना. पावसाळ्यात कातळावर शेवाळ, पोरगं घसरलं की थेट इस्पितळ. उन्हाळ्यात कातळ तव्यासारखा. मोहोर आल्यावर बागेत पाय ठेवला तर राखणदार गलोल घेऊन उभा. मग दिवाळीनंतर. पण तेव्हा गवत गुडघाभर, आणि गवतात फुरसं. म्हणजे गवत कापून झाल्यावर आणि मोहोर यायच्या आत. एवढीशी फट. त्यात कोणाचं लग्न असायचं, नाहीतर जत्रा. मी वैतागून म्हटलं, "चाचा, त्यापेक्षा बोटीतून शर्यत काढ." तर त्याचाही विचार करायला लागला.

फुरशाचं त्याने मनावर घेतलं होतं. एका डॉक्टरला शर्यतीच्या दिवशी भाट्याला येऊन बसायला कबूल केलं, आणि तो आयत्या वेळी नाही म्हणाला तर म्हणून दुसऱ्यालाही. सगळ्या वाटेवर काठीने दगड उलटत गेला. मी बरोबर होतो. तिसराच दगड उलटला, खाली फुरसं. मी जो धावलो तो घाटी उतरून टपरीपर्यंत. चाचा मागून येऊन म्हणाला, "बघ, वाट चांगली आहे. तू धावलास म्हणजे कोणी पण धावेल."

मग परवानगी. कचेरीतला साहेब म्हणाला, धावायला परवानगी लागत नाही, पण चाळीसेक माणसं एकत्र धावली तर लागते. सभेचा छापील कागद होता, जत्रेचा होता, मोर्चाचा होता. शर्यतीचा नव्हता. तीन खेपा झाल्यावर आमची शर्यत मोर्चात बसवली. मागण्या काय, तर काही नाहीत. तरी बंदोबस्ताला हवालदार आलाच, आणि चाचाला बाजूला घेऊन विचारतो, "निवेदन कोण देणार?" चाचा म्हणाला, "आधी धावू दे साहेब. दमले की काय ते देतील."

बाजारातल्या शेटलोकांनी तर माझं डोकं उठवलं. कापडी फलक लावतो, पाणी देतो, सगळं देतो म्हणायचे. फक्त शर्यत आमच्या दुकानावरून ने. सडा कुठे, बाजार कुठे! एक म्हणाला, मग दुकानाचं नाव पोरांच्या पाठीवर लिही. सड्यावर वाचणार कोण? गुरं? चाचा हात जोडून बाहेर पडला. बक्षीस म्हणून नारळाची रोपं आणायचं त्याने ठरवलं. पाण्याचं काम माझ्यावर होतं. मी मोठ्या रुबाबात एक पिंप मिळवलं आणि भरून घाटीवर चढवलं. ते डिझेलचं निघालं. मीच पहिला घोट घेतला, त्यामुळे पोरं वाचली. चाचाने मडकी मांडली, गूळपाणी केलं, आणि दोन दिवस मला काडी पेटवू दिली नाही.

सगळ्यात मोठं काम गडग्यांचं. बागेभोवती दगडाचे गडगे, नुसते रचलेले. पोरं त्यावरून उड्या मारायला लागली की दगड ढासळणार आणि मालक बोंब मारणार. म्हणून चाचा घरोघर गेला. ज्याची बाग, त्याच्या पडवीत बसला, चहा प्यायला, शर्यत समजावली. जिथे वाट नाही तिथे गडगा जरा उघडायचा आणि दुसऱ्या दिवशी होता तसा रचून द्यायचा, असा शब्द दिला. सगळे हो म्हणाले. आमच्याकडे तोंडावर नाही कोण म्हणतं?

वाट दाखवायला चिंध्या बांधायच्या ठरल्या होत्या. पहिल्या दिवशी बांधल्या त्या बकऱ्यांनी खाल्ल्या. मग चुना. बादलीभर चुना कालवून, नारळाच्या सोडणाचा कुंचला करून, मी आणि चाचा दगडादगडावर पांढरे ठिपके देत गेलो. जन्मात पहिल्यांदा माझं हस्ताक्षर कोणी वाचणार होतं. शर्यतीच्या दोन दिवस आधी सगळी वाट तयार.

इथे आमचं चुकलं. तेव्हा सगळीकडे एकच बोलणं असायचं: रेल्वे येणार, रस्ता येणार, जमिनी जाणार. आणि सरकारी माणसं मोजणीला आली की करतात काय? दगडावर चुना मारतात. बागवाल्यांनी ठिपके बघितले आणि धरून चालले, आपली जमीन गेली. शर्यतीचं त्यांना सांगितलेलं होतं, त्यांनी चाचाला चहासुद्धा पाजला होता. पण एकाने मला नंतर तोंडावर विचारलं, "धावायला चुना कशाला लागतो रे? पाय लागतात." त्यांना वाटलं, शर्यत नुसती नावाला, हा म्हातारा आतून मोजणीवाल्यांचा माणूस.

मग प्रत्येकाने आपल्या जागेतले ठिपके घासून काढले. नुसते काढले असते तरी चाललं असतं. पण मोजणी कुठून तरी जाणारच, तर ती भावाच्या जागेतून जाऊ दे, म्हणून गडग्यापलीकडे चुलतभावाच्या दगडांवर नवे ठिपके दिले. चुलतभाऊ काय झोपला होता? त्याने पलीकडच्या भावाकडे ढकलले. असं करत करत चुना सरकत गेला तो एका माणसाच्या जागेपर्यंत. तो होता मुंबईला. त्याचे ठिपके पुढे ढकलायला घरी कोणी नव्हतं.

शर्यतीच्या सकाळी आम्हाला ह्यातलं काही माहीत नाही. सुरूच्या बनाखाली पोरं जमली. चाचाने बिस्किटांचा रिकामा डबा ठेवला होता आणि वाळूत शिंपले. जाताना प्रत्येकाने एक शिंपला डब्यात टाकायचा, आल्यावर काढून फेकायचा. डबा रिकामा झाला की शर्यत संपली. मी सगळ्यांच्या मागून चालायचं होतं, कोण अडकला, पडला तर बघायला. चाचा म्हणाला, "तुझ्याइतका हळू माणूस मला गावात मिळाला नाय." मला एवढा मान कधी कोणी दिला नव्हता. मी निघालो तर म्हणतो, "शिंपला टाक."

"मी कुठे धावणार आहे, चाचा?"

"जातोस ना? मग टाक."

घाटीपर्यंत ठीक झालं. सड्यावर पण ठीक. बागांत शिरलो आणि बघतो तर माझं हस्ताक्षर बदललेलं. ठिपके कुठे मोठे, कुठे आडवे, वाट गडग्यागडग्याने वाकडी होत चाललेली. आणि शेवटी त्या मुंबईवाल्याची जागा. अरे देवा! तिथे एक दगड काळा राहिला नव्हता. चहूकडे पांढरं. पोरं त्यात गोल गोल फिरत होती. कोणी पूर्वेला पळाला, कोणी खाली, एक जण आंब्यावर चढून समुद्र कुठे ते बघत होता. मी ओरडलो, "माझ्या मागून या!" एक पण आला नाही. पोरं हुशार होती.

ती आपापल्या अकलेने समुद्राच्या वासावर उतरली. कोणी भलत्याच घाटीने, कोणी बांधावरून, एक जण तर गवताच्या गाडीवर बसून. मी मात्र आज्ञाधारक. एकेक ठिपका बघत चाललो. दोनदा त्याच फणसाखाली आलो. तिसऱ्यांदा आलो तेव्हा फणसाच्या मालकिणीने विचारलं, "काय हो, कोणाकडे जायचंय?" मी म्हटलं, भाट्याला. ती हसली आणि पेज वाढली. वर काळ्या वाटाण्याची उसळ. पोट भरलं, खळ्यात सावली होती, तिथेच डोळा लागला. झोपेत कोणीतरी माझ्या नावाने हाका मारतंय असं वाटलं. मला वाटलं, स्वप्नात तरी कोणी बोलावतंय, आणि कूस बदलली.

उतरलो तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता. वाळूत कोणी नव्हतं. हवालदार गेला, दोन्ही डॉक्टर गेले, पोरं रोपं घेऊन घरी गेली. शेवटच्या रेघेवरची सुंभाची दोरी, तिचं एक टोक सुरूच्या झाडाला आणि दुसरं चाचाच्या हातात. पायाशी डबा. दिवसभर उभा होता. माझ्यासाठी दोनदा पोरं सड्यावर पाठवलेली, त्याच हाका मी झोपेत ऐकल्या होत्या.

मी लांबूनच हसत आलो. म्हटलं, आता शिव्या खायच्या. तो म्हणाला, "धाव."

"कोण बघतंय आता, चाचा?"

"मी बघतोय. धाव."

धावलो. लेंगा सावरत, पोटात पेज डुचमळत, वाळूत दोनदा पडत. दोरी छातीला लागली. त्याने डबा पुढे केला. आत एकच शिंपला. मी काढून पाण्यात फेकला. तेव्हा तो वाळूत बसला आणि बराच वेळ उठला नाही. गेले तेवढे परत आले होते.

पुढचं सगळं नुसतं वैतागाचं. उघडलेले गडगे रचताना माझी पाठ मोडली. दगडाखाली फुरसं असेल म्हणून मी प्रत्येक दगडाला आधी नमस्कार करायचो. शिमग्याला मुंबईवाला आला, आपली सगळी जागा पांढरी बघून भावांच्या अंगावर गेला, आणि भावांनी बोट दाखवलं चाचाकडे. चाचा पाण्याची बादली आणि सोडणं घेऊन गेला आणि दगड घासत बसला. मी पण घासले. ठिपके दिले होते भावांनी, आणि घासत होतो आम्ही. मी म्हटलं, सांग की सगळ्यांना खरं काय ते. तर म्हणतो, "पुढच्या वर्षी ह्याच बागांतून जायचं आहे ना."

पुढचं वर्ष आलंच नाही. दर दिवाळीनंतर चाचा बाकड्यावर बसून विचारायचा, "गवत कापलं काय रे सड्यावर?" एका वर्षी बागवाले बिथरले, एका वर्षी डॉक्टरची बदली, एका वर्षी साहेब म्हणाला मोर्चे बंद. पोरं मुंबईला गेली. चाचा मात्र दर वर्षी सड्यावर जाऊन दगड उलटून यायचा. मी म्हणायचो, जळली ती शर्यत, सोडा पी.

मग त्याचे डोळे कमी झाले आणि आखातातल्या मुलाने त्याला बोलावून घेतलं. एसटी स्टँडवर मी सोडायला गेलो. गाडी लागली, कंडक्टर घंटी मारतोय, आणि हा खाली उभा. सगळे चढले का बघतोय. मी ओरडलो, "अरे, तूच राहिलास!" तेव्हा पिशवीतून डबा काढून माझ्या हातात दिला. खिशातून शिंपला काढला आणि आत टाकला. म्हणाला, "जातोय ना. आलो की काढीन." गाडी हलली. पहिल्यांदाच तो माझ्या पुढे गेला.

दीड-दोन वर्षांनी निरोप आला. तिकडेच गेला, तिकडेच माती दिली.

दोरीवर माझी बायको कपडे वाळत घालते. डबा टपरीत गोट्यांच्या शेजारी आहे. बायको म्हणते, गंजलाय, फेका. एकदा फेकायला समुद्रापर्यंत नेलासुद्धा. पण उघडून तो शिंपला काढायचा हक्क माझा नाही. अजून दिवाळी झाली, सड्यावरचं गवत कापून झालं, की मी डबा कानाशी धरून हलवतो.

वाजतो.