चितळांच्या वाटणीची मोहफुलं

"तिकडचं राहू दे. थे त्यायचं हाय," असं म्हणत बाई खराटा बाजूला टाकायच्या आणि मोहाखाली एका अंगाचीच फुलं वेचायला बसायच्या. दुसऱ्या अंगाची फुलं चितळांची.

आमचं गाव अभयारण्याच्या हद्दीवर. मी तिथल्या आरोग्य उपकेंद्रात नर्स, आणि बाई माझ्या शेजारी. मोहाच्या दिवसांत तुम्ही आमच्याकडे आलात तर जंगलात जागोजागी धूर दिसेल. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून लोक झाडाखालचा पाचोळा पेटवून देतात. आग काही झाडापाशी थांबत नाही. गवत जळतं, कोवळी झुडपं जळतात, आणि चितळांनी खायचं काय, हे कुणी विचारत नाही.

बाई मात्र पाचोळा झाडून काढायच्या. गावाला ती करमणूकच होती. "बाई जंगलाले आंगण समजून राह्यली," असं कुणी म्हटलं की त्या फिस्कारायच्या, "मंग? तू आपल्या आंगणाले आग लावतं का?"

तोंडानं फटकळ. मलाही सोडायच्या नाहीत. "सिस्टर, आंधी सुई टोचता अन् मंग दुखलं का म्हणून पुसता!"

एकदा सकाळी मी त्यांच्याबरोबर गेले. बाई वेचत होत्या आणि पलीकडे एक चितळीण पाडसासह खुशाल फुलं खात होती. मी पाऊल उचललं तशी तिनं मान वर केली. बाई हळूच म्हणाल्या, "तुमाले भेते. मले नाई भेत." त्यांचा चेहरा असा खुललेला मी आधी पाहिला नव्हता.

सगळीकडचं जळून गेल्यावर कळप बाईंच्याच झाडाखाली यायला लागला. हे गावाला कळायला किती वेळ लागणार? कुणीतरी तिथल्या झुडपांत तारेचे फासे लावले. बाईंना सकाळी ती चितळीण सापडली, गळ्यात तार रुतलेली. पाडस जवळच उभं होतं. वनरक्षक आले, पंचनामा झाला, फासे निघाले. थोड्याच दिवसांत पुन्हा लागले. कुणी लावले ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोललं नाही.

बाई माझ्या दारात येऊन बसल्या. "मायावर भरोसा करून येत होते थे, सिस्टर. म्याच सवय लावली." मी त्यांच्याजवळ उंबऱ्यावर बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पाण्याच्या घागरी घेऊन सोबत बोलावलं. आग पसरू नये म्हणून झाडाभोवती पट्टा झाडून काढला. मग आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. आपल्या झाडाखालचा पाचोळा स्वतःच्या हातानं पेटवला. चितळं दूर थांबून बघत होती.

"जा न! काऊन येता इथी?" बाई ओरडत होत्या. "मले बी भ्या आता!" त्या रडत होत्या, आणि मीही.

आग विझली. वरून टपटप ताजी फुलं राखेत पडायला लागली. कळप मागेच थबकला, पण ते आईवेगळं पाडस पुढे आलं. बाईंनी दगड उचलला, हात उगारला.

पाडस हललं नाही. ते बाईंना ओळखत होतं.