भंगारातली ऐरण आणि आमचे हे

आमचे हे लोहार. पण गावभर नाव झालं ते जुन्या ऐरणी पारखण्यात. कोणाला जुनी ऐरण घ्यायची असली की आधी यांना बोलावणं यायचं. हे जाणार, वाकून कडा बघणार, माथ्यावर तळहात फिरवणार आणि मग खिशातली छोटी हातोडी काढून एक टोला देणार. खणखणीत नाद उठून रेंगाळला तर ऐरण अखंड. थड असा बसका आवाज आला तर आत तडा आहे, किंवा वरचं पोलाद खालच्या लोखंडापासून सुटलंय. मग ती भंगाराच्या भावाने किलोवर मोजायची. बाकीची बघाबघी आपली शोभेला, खरा निकाल कानाचा, असं हे म्हणायचे.

गेल्या दोन वर्षांत तेच कान गेले. जन्मभर घणाचे घाव ऐकल्यावर दुसरं काय होणार? टीव्ही एवढा मोठा लावतात की शेजारीण भिंतीवर लाटणं आपटते, आणि तेही यांच्या गावी नसतं. कान दाखवून या म्हटलं की म्हणणार, "तूच हल्ली पुटपुटतेस." मी आणि पुटपुटते! माझी हाक गल्लीच्या टोकाला पोचते.

त्यातच आमच्या थोरलीने स्वतःचं वर्कशॉप काढलं. फाटकं, जाळ्या, जिन्याचे कठडे करायचे. भट्टी आली, भाता आला, ऐरण तेवढी राहिली. नवी काही परवडेना. "बाबा, भंगारवाल्याकडे एक आहे. तुम्ही हो म्हणालात तरच घेईन," ती म्हणाली. यांनी त्या सकाळी दोनदा दाढी केली. मी मात्र मनात हिशेब मांडत होते. यांनी भलतीच ऐरण पसंत केली तर पोरीचा धंदा पहिल्या दिवसापासून लंगडा. सोन्यासारखी नाकारली तर तशी पुन्हा कुठे शोधायची? आणि मी तोंड उघडलं तर यांची अब्रू गेली. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, तरी बसले.

ऐरण मोडक्या फ्रिजांच्या मागे एका ओंडक्यावर होती. वर चकचकीत काळा रंग. "रंग दिसला की मला संशय येतो," असं म्हणत यांनी कडा खरवडल्या. कुठे वेल्डिंगचं ठिगळ नव्हतं. माथ्यावर कानस चालवली, तर ती नुसती घसरली, दात म्हणून धरेना. म्हणजे पोलाद कडक. निमुळती चोच टोकाला जरा चेपली होती, ते चालण्यासारखं. हे एकदम खुशीत आले. मग हातोडी काढली.

नाद असा उठला की पत्र्यावरची कबुतरं उडाली. हे मान कलती करून उभे. पुन्हा एक टोला दिला. चेहरा उतरला.

"मेलीय," म्हणाले. "घेऊ नकोस, बाळा."

भंगारवाला हसायलाच लागला. "काका, चेष्टा करता काय गरिबाची?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. असे डोळे वटारले की मेला गप्पच झाला. थोरलीने माझ्याकडे पाहिलं. पोरीला सगळं ठाऊक होतं, कधीपासून ते तिचं तिलाच माहीत.

तिने वाद घातला नाही. जुन्या बेअरिंगच्या डब्यातून एक पोलादी छर्रा उचलला आणि यांच्या हातात ठेवला. "बाबा, हा सोडून बघा ना."

यांनी वीतभर वरून छर्रा सोडला. मेलेल्या ऐरणीवर तो पडतो आणि लोळत राहतो. हा उसळून थेट यांच्या बोटांशी परत आला. यांनी मधे सोडला, कडेला सोडला, चोचीजवळ सोडला. जिथे सोडावा तिथून परत. मग यांनी डावा तळहात ऐरणीच्या कुशीला लावला, उजव्या हाताने टोला दिला आणि तसेच उभे राहिले. थरथर कोपरापर्यंत चढली असणार. एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मला वाटलं, आता हा माणूस खचला.

तर हे हसायला लागले. पोट धरून. "ऐरण ठणठणीत आहे गं. कान मेलेत ते माझे."

माझा जीव भांड्यात पडला. थोरली हसता हसता रडत होती, मीही पदराने नाक पुसलं. मग हे माझ्याकडे वळले.

"कशी वाजते गं? सांग ना."

विकणाऱ्यासमोर मालाचं कौतुक करायचं नाही, एवढं काय मला कळत नाही? भंगारवाला कान टवकारून उभाच होता. पण दोन वर्षांत या माणसाने पहिल्यांदा मला काही ऐकवायला सांगितलं होतं. मी तोंड यांच्या कानाशी नेलं आणि अख्ख्या भंगाराला ऐकू जाईल अशी ओरडले, "अहो, फार गोड वाजते. लांबून कोणी आपल्या माणसाने हाक मारावी ना, तशी."

हे डोळे मिटून मान डोलावत राहिले. भंगारवाल्याने तिथल्या तिथे भाव वाढवला. यांना तो ऐकू आला नाही, आणि आम्ही मायलेकींनी तो सांगितलाही नाही.