जपान लागलं, लिफ्ट अडकली

आमच्या घरात सेकंदापर्यंत अचूक वेळ आली, त्या सकाळी घरात कुणालाच किती वाजले ते ठाऊक नव्हतं.

ही अचूक वेळ मी जपानहून आणत होतो. तिथलं एक केंद्र अगदी खालच्या फ्रिक्वेन्सीवर दर सेकंदाला एक टिक् सोडतं आणि ती पकडणारा रिसीव्हर मी घरी बनवला होता. (मी विमा कंपनीत क्लेमच्या फायली बघतो. हे रविवारचे उद्योग.) हिंदमाता टॉकीजच्या मागे, आमच्या चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्या टिक्चा जीव अर्धा झालेला असतो. म्हणून हवा अ‍ॅक्टिव्ह अँटेना, म्हणजे तारेचं भेंडोळं आणि त्याच्या बुडाशी टिक्ला बळ देणारा छोटासा अ‍ॅम्प्लिफायर. पहिला अ‍ॅम्प्लिफायर मी वायरी उलट्या जोडून जाळला. मग सगळी अँटेनाच नव्याने बांधायला घेतली. तारेचे सत्तर वेढे माझ्या धाकट्या बहिणीच्या, नेहाच्या, हुलाहूपवर घातले.

"खुशाल ने, दादा," नेहा म्हणाली. "माझ्या कमरेवर तो दोन सेकंदसुद्धा टिकत नाही."

हॉलमधलं जुनं घड्याळ उतरवून मी त्या खिळ्यावर रिसीव्हर टांगला. सिग्नल मिळेपर्यंत तो स्वतःच्या अंदाजाने वेळ दाखवणार होता. (त्याचा अंदाज मालकावर गेला होता, हे नंतर कळलं!)

त्या रविवारी अकरा वाजता नेहाला बघायला पाहुणे येणार होते. नेहाने आईला आधीच बजावलं होतं, "हे शेवटचं. यापुढे मी पोहे करणार नाही आणि कुणासमोर नेणारही नाही." आणि आईने मला बजावलं होतं, "मुलाचे वडील फार वक्तशीर आहेत. आज तुझं ते भेंडोळं दिसता कामा नये."

रिसीव्हरवर दहा पस्तीस झाले होते. म्हणजे पंचवीस मिनिटं होती की! मी हेडफोन लावला. नुसती खरखर. मी टीव्ही बंद केला, ट्यूबलाइट बंद केल्या, मिक्सरची पिन काढली.

"अरे, चटणी अर्धी राहिली!" आई ओरडली.

"दहा मिनिटं, आई! आणि मोबाइलही बंद करा सगळे."

"त्यांचा फोन आला तर?"

"वक्तशीर माणसं फोन करत नाहीत. येतात."

(हे वाक्य नेहाने आता मला कायमचं चिकटवलंय.)

खरखर बरीच कमी झाली. पण मधूनच घर्रर्र असा प्रचंड आवाज यायचा आणि बंद व्हायचा. चौथ्यांदा आला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. लिफ्ट! आमची लिफ्ट जुनी, लोखंडी जाळीची. मी सोसायटीच्या कमिटीवर असल्याने मशीनरूमची किल्ली माझ्याकडेच. धावत गच्चीवर गेलो. लिफ्ट नुकतीच गुरगुरत वर निघाली होती. आत कोण आहे, हा विचार माणसाला सुचतो. मला नाही सुचला. मी स्विच ओढला.

खाली येऊन पुन्हा हेडफोन लावला, आणि काय सांगू! टिक्. टिक्. टिक्. स्वच्छ! माझ्या हाताने वळलेल्या तारेतून! डोळे भरून आले.

तेवढ्यात जिन्यातून कुणीतरी हाका मारू लागलं. "अहो! कुणी आहे का?"

मी हेडफोन न काढताच बसल्या जागेवरून ओरडलो, "पाच मिनिटं गप्प बसा हो! जपान लागलंय!"

एकदम शांतता पसरली. (लोक किती समजूतदार असतात, असं मला वाटलं.)

रिसीव्हरवरचे आकडे थरथरले आणि दहा चव्वेचाळीसचे थेट अकरा वाजून सहा मिनिटं झाली.

"आई, आपण बावीस मिनिटं मागे होतो!" मी आनंदाने किंचाळलो.

आई आनंदली नाही. ती बाहेर धावली. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट लटकत होती. जाळीतून तीन डोकी आमच्या उंबऱ्याच्या पातळीला दिसत होती, त्यातल्या एका डोक्यात मोगऱ्याचा गजरा.

"नमस्कार," वक्तशीर डोकं म्हणालं. "आम्ही बरोबर अकराच्या ठोक्याला लिफ्टमध्ये शिरलो होतो."

मी उलट्या पावली गच्चीवर पळालो, स्विच चालू केला. लिफ्ट ढिम्म! मध्येच वीज तोडल्याने तिचं काहीतरी उडालं होतं. मोबाइल चालू करून मेकॅनिकला फोन लावला. तो इथे जवळच, नायगावला राहतो. म्हणाला, "आंघोळ करून येतो."

पुढची पन्नास मिनिटं आमच्याकडे बघण्याचा कार्यक्रम जमिनीवर बसून झाला. आई जिन्यात उकिडवी बसून क्षमा मागत होती. बशी जाळीतून जाईना, म्हणून नेहा एकेक चमचा पोहे आत देत होती.

"मघाशी जपानबद्दल कोण ओरडलं?" मुलाने, निखिलने, विचारलं.

"माझा दादा," नेहा म्हणाली. "तसा बरा आहे. आठवड्यातले सहा दिवस."

निखिल इतका हसला की लिफ्ट हलली आणि त्याच्या आईने "अरे देवा!" म्हणून जाळी धरली. मग त्याने आणखी पोहे मागितले. मग नेहा पायरीवर पाय दुमडून बसली आणि दोघं कशाकशावर बोलत राहिली. चार स्थळांसमोर मिळून ती जेवढं बोलली नव्हती, तेवढं त्या जाळीतून बोलली.

मेकॅनिक आला तेव्हा त्या दोघांनाच ते जरा लवकर वाटलं.

लिफ्ट वर आली. निखिलची आई बाहेर पडली, गजरा सारखा केला आणि आईला म्हणाली, "वेगळं काय बघायचं आता? आमच्याकडून होकार. फक्त लग्नात तुमच्या मुलाला कुठल्याही स्विचजवळ उभं करू नका."

लग्न थाटात झालं. मला दारात गुलाबपाणी शिंपडायला उभं केलं होतं. तिथे निखिलची आत्या आली, मला नीट न्याहाळून म्हणाली, "तुम्हीच ना ते लिफ्टचं बघणारे? आमची लालबागला सहाव्या मजल्यावर सारखी अडकते. एकदा येऊन जाल का?"

नवं नातं, नाही कसं म्हणणार? पुढच्या रविवारी गेलो.

जिन्याने.