शाल, श्रीफळ आणि भलतंच कॉलेज

इथे परदेशात आमच्या मराठी मंडळींच्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात दरवर्षी गुणवंत मुलांचा सत्कार होतो. शाल, श्रीफळ आणि एक फोटो. सत्काराला माझी काही हरकत नाही. माझ्या मुलीच्या खांद्यावर शाल घालताना भलत्याच कॉलेजचं नाव पुकारलं गेलं, याला आहे. त्या गोष्टीला आता वर्ष होत आलं, तरी आठवलं की डोकं फिरतं.

मुलीला अमेरिकेतल्या एका छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजात जायचं होतं. गाव लहान, वर्ग लहान, जीवशास्त्र शिकता शिकता तत्त्वज्ञानही घेता येतं आणि प्राध्यापक प्रत्येक मुलाला नावानिशी ओळखतात. हे मी ओळखीच्यांना इतक्यांदा समजावलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. उपयोग शून्य. सगळ्यांच्या डोक्यात फक्त ‘आर्ट्स’ राहतं, आणि आर्ट्सला कोण जातं हे आपल्याकडे आधीच ठरलेलं असतं. मरीन परेडला राहणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने तर माझा हात हातात घेऊन हळूच विचारलं, की ए-लेव्हलला, म्हणजे इथल्या बारावीला, काही गडबड झाली का. मार्क उत्तम होते. इथल्या युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटरची सीटही मिळाली होती. ते सांगितल्यावर तिचा चेहरा आणखीनच पडला. मार्क कमी असते तर तिला निदान समजून तरी घेता आलं असतं.

अर्ज करायच्या वेळी सगळे जातात म्हणून आम्ही मायलेकी तांजोंग पगार भागातल्या एका प्रवेश-सल्लागार बाईंकडे गेलो होतो. मुलीने निबंध लिहिला होता निवट्यांवर. आम्ही पासिर रिसला राहतो. तिथल्या पार्कातल्या खारफुटीत ओहोटीच्या वेळी चिखलावर उड्या मारत फिरणारे ते मासे ती लहानपणापासून बघत आलीय. मराठीत त्यांना निवट्या म्हणतात हे तिला तिच्या बाबाने सांगितलं. तो रत्नागिरीकडचा, त्याच्या लहानपणी त्याने त्या पकडल्या होत्या. बाईंनी निबंध वाचून बाजूला ठेवला आणि विचारलं, की परक्या देशात येऊन राहिलात तर काही संघर्ष झाला असेल ना, कुणी अपमान केला असेल, एकटं वाटलं असेल? थोडक्यात, मासे नकोत, रडगाणं हवं. आमचं बरं चाललंय हा जणू मुलीच्या अर्जातला दोष होता. मी पर्स उचलली आणि मुलीला म्हटलं, चल.

निबंध होता तसाच गेला. प्रवेशाचं पत्र आलं तेव्हा त्याच्या खाली कुणीतरी पेनाने लिहिलं होतं, की निवट्यांचं पुढे काय झालं ते ऐकायची आम्ही वाट बघतोय. मुलगी ते पत्र घेऊन घरभर फिरत होती.

नवरा ‘तुला आवडेल तिथे जा’ म्हणाला होता. तिच्यासमोर तो कधी एका शब्दाने आडवा आला नाही. पण पुण्याहून माझ्या दिराचा फोन आला, की ‘अमेरिकेला जातेय’ एवढं सांगून विषय बदलायचा. दीर सोडणारा नाही. कुठे, कितवा नंबर लागतो त्या कॉलेजचा, असं खोदून खोदून विचारायचा. मग नवऱ्याला अचानक ऑफिसचा कॉल यायचा. घर लहान, सगळ्यांना सगळं ऐकू येतं. कॉलेजला होकार कळवायला महिनाअखेरची मुदत होती, आणि मुलगी रोज ‘उद्या’ म्हणत होती.

कार्यक्रम रविवारी सकाळी होता. सूत्रसंचालन करणाऱ्या गृहस्थांनी तिचं नाव पुकारलं आणि पाठोपाठ अमेरिकेतल्या एका अशा युनिव्हर्सिटीचं नाव घेतलं, की हॉलमध्ये आधी ‘ओहो’ झालं आणि मग टाळ्या. त्या युनिव्हर्सिटीत तिने अर्जसुद्धा केला नव्हता. शाल पांघरून, दोन्ही हातांत नारळ धरून मुलगी स्टेजवर उभी होती. फोटोग्राफर तिला हसायला सांगत होता. गृहस्थांचा काहीतरी घोळ झाला, असं समजून मी सांगायला उठले, तर नवऱ्याने माझा हात धरून खाली बसवलं.

“राहू दे,” तो म्हणाला. “ग्रुपवर माहिती मागवली होती ना, त्यात मीच ते नाव दिलं.”

त्यानंतर जेवणाच्या रांगेत लोक आमचं अभिनंदन करत राहिले. मरीन परेडच्या मैत्रिणीने मुलीला मिठी मारली आणि मला म्हणाली, की आधी बोलली का नाहीस? घरी आल्यावर मुलीने नारळ चपलांच्या कपाटावर ठेवला आणि नेहमीच्या इंग्रजीत, मागे इथला ‘ला’ लावून सांगितलं, की ती इथलीच कॉम्प्युटरची सीट घेईल, इट्स फाइन ला. आणि खोलीत निघून गेली.

मग मात्र मी नवऱ्यावर तोंड सोडलं. तो म्हणाला, लोकांना कळेल असं काहीतरी सांगितलं, प्रत्येकाला कुठे समजावत बसायचं? मी म्हटलं, मी बसले ना समजावत, मला तोंड आहे, तुला नाही? तिला ज्या निवट्यांवर प्रवेश मिळाला त्यांचं नाव तिला तू सांगितलंस, आणि आता तिच्या कॉलेजचं नाव घ्यायला तुझी जीभ रेटत नाही? तिने चोरी केलीय का? चिडून मला रडू आलं, त्याचाही राग आला.

तो बराच वेळ फोन घेऊन बसला आणि मग मंडळाच्या ग्रुपसाठी लिहिलेला मेसेज मला दाखवला. ‘नजरचुकीने चुकीच्या कॉलेजचं नाव जाहीर झालं’ असं होतं. मी म्हटलं, नजरचूक कुणाची? त्याने ते पुसलं आणि लिहिलं, ‘चुकीचं नाव मीच दिलं होतं.’ खाली खरं नाव, पूर्ण, गावासकट. पाठवून तो मुलीच्या खोलीत गेला आणि फोन तिच्यापुढे धरला. मी दारात उभी राहिले.

तिने वाचलं आणि चक्क मराठीत विचारलं, “बाबा, तुला लाज वाटली?”

“तुझी नाही गं,” तो म्हणाला. “लोकांनी विचारलं तर काय सांगायचं, त्याची.”

“सेम थिंग ला, बाबा.”

तिने ते तोंडावर सांगितलं, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. तेवढ्यात फोन वाजला. पुण्याहून दीर. ग्रुपवरच्या कुणाकडून तरी बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती, दोन्ही नावांसकट. ही काय भानगड आहे आणि हे दुसरं कॉलेज कुठलं, हे विचारणारा त्याचा आवाज मला दारातून ऐकू येत होता. नवऱ्याने एकदा मुलीकडे बघितलं. तीही त्याच्याकडेच बघत होती, होकार कळवायचा लॅपटॉप तिच्यापुढे अजून मिटलेला.

“नाही, तू ऐकलेलं नसणार,” तो फोनवर म्हणाला, आणि सावकाश, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत, त्याने ते नाव सांगितलं.

मुलीने लॅपटॉप उघडला.