ताईचा बँड

आमच्या घरात तो बँड ताईने आणला. ती नगरला वसतिगृहात राहून डी.एड. करत होती. तिथल्या एका मैत्रिणीकडून तिने त्या इंग्रजी बँडची कॅसेट भरून घेतली आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आली. मी तेव्हा शाळेत होतो. कोपरगावजवळच्या एका साखर कारखान्याच्या कॉलनीत आम्ही राहायचो, वडील बॉयलरवर होते. उसाचं गळीत सुरू झालं की घरात दिवसभर यंत्रांची घरघर असायची. त्या घरघरीतही ऐकू यावं म्हणून ताईने टेपचा आवाज पूर्ण वाढवला. आधी एकट्या गिटारचा खरखरीत सूर, मग ड्रम, आणि मग तो माणूस ओरडायला लागला. आई पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"कुणाला मारतायत का काय गं?"

ताई हसत सुटली. मला मात्र हसू आलं नाही. अंगावर काटा आला होता.

इंग्रजी आमचं यथातथाच. कानावर पडेल तसं आम्ही म्हणायचो. एका ओळीत 'बाजरी' येतं असं माझं ठाम मत होतं. ताई म्हणायची, "असेल. त्यांच्याकडं पण पिकत असेल." तिचं आवडतं गाणं शेवटी फार वर जायचं. सगळी वाद्यं थांबायची आणि गाणारा एकच सूर धरून ठेवायचा. ताई डोळे मिटून त्याच्याबरोबर श्वास रोखायची. प्रत्येक वेळी तिचाच आधी सुटायचा.

पुढे तिला कर्जत तालुक्यात दिली. वस्तीवरचं घर, शेती, गाई. मास्तरीण व्हायचं राहून गेलं. दाजी माणूस म्हणून चांगले. टेप तिने सासरी नेला आणि धारा काढताना गोठ्यात लावायला लागली. सासू म्हणाली, "गाई आटतील." गाई आटल्या नाहीत, मग सासूही गप्प झाली. दर भाऊबीजेला मी ओवाळणीत एक कॅसेट टाकायचो. त्याच बँडची, कुठून तरी मिळवलेली.

तिच्या धाकट्या मुलीच्या जन्मानंतरच्या भाऊबीजेची गोष्ट. फराळ झाला, मी नवी कॅसेट टेपमध्ये घातली आणि तिच्यासमोर बसलो. पहिलं गाणं निम्मं झालं असेल. ताई माझ्याकडे बघत होती.

"लाव की आता," ती म्हणाली.

मला आधी थट्टा वाटली.

"चालूच हाय, ताई."

तिने टेपकडे बघितलं. आत कॅसेट फिरत होती. ती उठून चहा टाकायला गेली आणि बराच वेळ स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

बाळंतपणानंतर कान कमी झालेत, येतील परत, असं तिला वाटत होतं. कुणाला बोलली नव्हती. दाजींनी तिला नगरला दाखवलं, मग पुण्याला. एका कानाचं ऑपरेशन झालं. उपयोग झाला नाही. मग यंत्र आलं. ते लावलं की समोरच्याचं बोलणं जेमतेम कळायचं. बाकीचं ती ओठांवरून आणि चेहऱ्यावरून ताडायची, आणि त्यात ती तरबेज झाली. गाणं मात्र यंत्रातून येईना.

"पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाजतं," ती म्हणाली. "जाऊ दे. मी आपलं आठवून ऐकते."

बरीच वर्षं ती तसं ऐकत राहिली. भाकरी थापताना मान हलायची, मला कळायचं कुठलं गाणं चाललंय ते. मग एकदा, आईच्या वर्षश्राद्धाला आली होती तेव्हा, मला बाजूला घेऊन म्हणाली, "अरे, शब्द आठवतात. चालसुद्धा आठवती. पन त्याचा आवाज न्हाई आठवत आता."

तो बँड म्हातारपणी मुंबईत येणार अशी बातमी वाचली तेव्हा मी तिला सांगावं की नाही, याचा विचार करत राहिलो. शेवटी मोबाईलवर लिहून पाठवलं. तिचं लगेच उत्तर आलं : जाऊ. दाजींनी स्वतः आम्हाला एसटीत बसवून दिलं.

मैदानात सगळी पोरंटोरं, काळे टी-शर्ट. मधे नऊवारीची सवय मोडून पाचवारी नेसलेली माझी ताई. सुरू झाल्या झाल्या तिने यंत्र काढून पर्समध्ये ठेवलं. ड्रम वाजले तशी छातीवर हात ठेवून माझ्याकडे वळली. "लागतंय रे हितं!" इतकी खूश मी तिला लग्नातही बघितली नव्हती.

ते गाणं त्यांनी शेवटाकडे घेतलं. वाद्यं थांबली. ताई चवड्यांवर उभी राहिली. गाणारा आता पांढऱ्या केसांचा, वाकलेला. त्याने माईक लोकांकडे वळवला आणि तो वरचा सूर लोकांनीच लावला. मीही लावला.

बाहेर पडताना तिने विचारलं, "लावला का रे त्यानं?"

मी मान डोलावली.

तिने माझा दंड धरून थांबवलं. "खोटं नको बोलू. त्याचं तोंड मिटलेलं हुतं. तुमीच म्हनत हुता सगळे."

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. श्रीगोंद्याच्या पुढे उजाडलं तेव्हा दिसलं, ती रडत होती.

"मला वाटलं हुतं," ती म्हणाली, "त्याला समोर बघितला की आवाज आठवंल."

मी तिचा हात धरून बसलो.

तो गाणारा माणूस या वर्षी गेला. मी कारखान्याच्या लॅबमध्ये ड्यूटीवर होतो, मोबाईलवर बातमी आली. ताईला कळवलं. तिने वाचल्याची खूण दिसली, उत्तर आलं नाही. दुपारपर्यंत वाट बघितली आणि दाजींना फोन लावला.

"घरीच हाय," दाजी म्हणाले. "पन सकाळधरनं नुसती रडतीय. कोन वारलं म्हनून इचारलं तर सांगंना. तुमच्याकडचं कुनी हाय का?"



"व्हय, दाजी," मी म्हणालो. "आमच्याकडचंच."