मोठ्या सिस्टर बाकावर बसायच्या

सण आला की आमच्या मोठ्या सिस्टर शिकवायच्या नाहीत, बाकावर जाऊन बसायच्या. शाळेच्या मुख्याध्यापिका, पण पांढऱ्या झग्यानिशी चौथीच्या पोरांत दाटीवाटीनं, हाताची घडी घालून. ज्याच्या घरचा सण, त्याच्या घरच्या माणसानं त्या दिवशी वर्ग घ्यायचा, असा त्यांचा नियम होता. ईदेला एका पोराची अम्मी शीरखुर्म्याचं पातेलं घेऊन आली. भीमजयंतीला एक आजी आल्या. म्हातारपणी सही करायला शिकल्या होत्या, ती त्यांनी फळ्यावर भली मोठी काढून दाखवली. सिस्टर मध्येच हात वर करून शंका विचारायच्या आणि आम्ही हसलो की डोळे वटारायच्या. "काहून हसून राहिले? मला न्हाई समजलं तर इचारू नको का?"

बाई मूळच्या केरळच्या, पण मराठी शिकल्या सेनगावच्या बाजारात, भाजीवाल्या बायकांच्या शेजारी बसून. त्यामुळे आमच्या पाठ्यपुस्तकातलं मराठी त्यांना परकं आणि आमच्या आयांचं मराठी घरचं. साहेब तपासणीला आले तरी "सायेब, रस्त्यानं तकलीफ न्हाई ना झाली?" असंच विचारायच्या. साहेब बिचारे कसंनुसं हसायचे. आमच्या आयांना मात्र ही बाई आपल्यातली वाटायची, आणि मिशनच्या शाळेत पोरं पाठवायला त्या घाबरत नव्हत्या त्या यामुळेच.

आमचं घर मेंढरांचं. तूर निघून रानं मोकळी झाली की आबा मेंढरं घेऊन बाहेर पडायचे, ते पावसाच्या तोंडावर परत. घोंगडीत झोपायचं आणि कोकरांत खेळायचं, म्हटल्यावर माझ्या वेणीला, दप्तराला मेंढरांचा वास येणारच की! चौथीत माझ्या शेजारची मुलगी नाकाला रुमाल लावून मागच्या बाकावर गेली, आणि मग माझ्याजवळ कुणीच बसेना. अर्धा बाक रिकामा. मी राखेनं वेण्या घासल्या, आईच्या डब्यातली पावडर दप्तराला फासली. शेवटी घरी सांगून टाकलं की मी शाळेत जायची नाही. आबांना उलट बरं वाटलं. यंदा पोरगी वाड्यासंगं येईल, कोकरं सांभाळेल, असं त्यांनी आईला सांगितलं. वाडा म्हणजे रानोमाळ फिरणारा आमचा सगळा बिऱ्हाडकबिला. मी गेले असते तर शाळा तिथंच संपली असती. आमच्यातल्या कितीतरी मुलींची तशीच संपली.

दोन दिवस मी दिसले नाही तेव्हा सिस्टर ढेकळं तुडवत आमच्या रानात आल्या. कुत्री अंगावर धावली, तर त्यांनाच दरडावलं. मग खाली बसून एक कोकरू मांडीवर घेतलं. पोरीला शिकवा, असं भाषण त्या देतील म्हणून आबा आधीच मान खाली घालून उभे होते. पण सिस्टरांनी काढला नाताळ. आता नाताळ येतोय, तर वर्ग घ्यायला या, म्हणाल्या. आबा गडबडले. तो तर तुमचा सण, आम्ही काय सांगणार?

"आमचा देव गोठ्यात जन्मला, आबा. पहिले भेटायला आले ते मेंढरंवाले. मला मेंढरांचं काय कळतं? तुमी या."

आबा आले. धुतलेलं धोतर, खांद्यावर काळी घोंगडी, हातात काठी. वहाणा बाहेर काढून दारातच घोटाळत राहिले. कोपऱ्यात गोठ्याचा देखावा मांडलेला होता. मातीचं बाळ, कापसाची मेंढरं. सिस्टर माझ्या शेजारी येऊन बसल्या, त्या रिकाम्या अर्ध्या बाकावर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. त्यांनी हात वर केला आणि विचारलं, रानात, थंडीत लेकरू जन्मलं तर मेंढरंवाले काय करतात?

आबा जरा हसले. मग सांगू लागले. सिद्धेश्वरच्या धरणाकडं वाडा होता. पाण्यावरून बोचरा वारा येत होता. बायकोला अवचित कळा सुरू झाल्या. गाडी न्हाई, दवाखाना न्हाई. वाड्यातल्या म्हातारीनं सोडवलं. लेकरू थंडीनं निळं पडून राहिलं होतं. त्यांनी ते घोंगडीत गुंडाळलं आणि नुकत्या जन्मलेल्या कोकरांच्या मधोमध ठेवलं.

"म्या तिच्या कानात म्हणलं, ऊब हाय, आता भ्या न्हाई. मंग रडायची थांबली." आबांनी काठी माझ्याकडं केली. "ही काय, तिथं बसली."

सगळ्या वर्गानं आधी देखाव्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आबा पुढं झाले, खांद्यावरची घोंगडी काढून त्या मातीच्या बाळाखाली अंथरली आणि निघून गेले. सिस्टर माझ्या शेजारून उठल्या. दुपारच्या सुट्टीत त्या जागेसाठी दोन मुलींची झोंबाझोंबी झाली, आणि त्यातली एक होती ती रुमालवाली. मी तिला सहजी बसू दिलं नाही हो, चांगलं आठवडाभर झुलवलं!

त्या हिवाळ्यात वाडा गेला आणि मी शाळेसाठी गावातल्या आत्याकडं राहिले. आबांनी एका शब्दानं अडवलं नाही. आज मी कळमनुरीकडच्या एका शाळेत शिकवते आणि सणाला बाकावर बसते.

मी सातवीत असताना सिस्टरांची बदली झाली. स्टँडवर आबा सोडायला आले होते. सिस्टरांनी पिशवीतून ती देखाव्यातली घोंगडी काढून परत द्यायला धरली. आबांनी तिची नीट घडी घालून पुन्हा पिशवीत कोंबली. एस्टी गेली तरी आबा धुळीत तसेच उभे होते.

गेल्या महिन्यात केरळहून फोन आला. पलीकडच्या सिस्टर मोडक्यातोडक्या हिंदीत बोलत होत्या. मोठ्या सिस्टर गेल्या. शेवटी शेवटी माणसं ओळखत नव्हत्या, पण दर नाताळाला देखाव्यात एक काळी घोंगडी अंथरायच्या, तिच्यावर बाळाला ठेवायच्या आणि त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटायच्या. आम्हाला ते कधी कळलं नाही, तुमच्या भाषेतलं असावं, असं म्हणून त्यांनी ते शब्द अडखळत उच्चारून दाखवले.

"ऊब हाय, आता भ्या न्हाई."

मी त्यांना अर्थ सांगितला, आणि ते शब्द पहिल्यांदा कुणाच्या कानात म्हटले होते तेही.